बुजरं मूल आणि शाळेचं बँड पथक: नाव देण्यापासून गट्टी जमेपर्यंत

जूनमध्ये शाळा सुरू होते आणि आठवड्याभरात फळ्यावर सूचना लागते: 'बँड पथकात यायचं असेल त्यांनी पी.टी.च्या सरांकडे नावं द्यावीत.' नाव द्यायची इच्छा तर असते. बाकावर बोटांनी वाजवून वाजवून ताल पाठही झालेला असतो. पण चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटते. हा लेख अशा मुलामुलींसाठी आहे. मी एका शाळेच्या बँडमध्ये ड्रमची रांग शिकवते, आणि अशी दोन-तीन मुलं दरवर्षी त्या रांगेत असतातच.

आधीच सांगते, 'बोलकं कसं व्हावं' हे यात सापडणार नाही. त्याची गरजही नाही. बँडमध्ये दोस्ती गप्पांपेक्षा शेजारी उभं राहून जमते. मात्र ती ऐन सरावात जमत नाही. जमते ती सरावाच्या अलीकडच्या-पलीकडच्या दहा मिनिटांत: खोलीतून ड्रम बाहेर काढताना, पट्टे अडकवताना, नळावर पाणी पिताना, घरच्या वाटेवर. आणि बुजरी मुलं नेमकी हीच दहा मिनिटं टाळतात. शिट्टी वाजली की रांगेत हजर, संपलं की दप्तर उचलून पसार. पुढे जे सांगितलंय त्यातलं बरंचसं या दहा मिनिटांत टिकून राहण्याबद्दल आहे.

नाव देण्याआधी

दोन दिवस नुसतं व्हरांड्यात उभं राहून सराव बघ. कोण कुठे उभं राहतं, ड्रम कोण वाटतं, नव्या मुलांना कोण शिकवतं, सर रागावतात ते कशावरून, एवढं कळलं तरी अनोळखीपणा निम्मा कमी होतो. बहुतेक पथकांत नवीन पोरांकडे लक्ष देणारी नववीतली एखादी ताई किंवा दादा असतोच. तो चेहरा लक्षात ठेव.

नाव द्यायला मधल्या सुट्टीच्या गर्दीत जाऊ नकोस. परिपाठाच्या आधी किंवा शाळा सुटल्यावर सर एकटे असतात तेव्हा जा. वाक्य घरून ठरवून ने: "सर, मला बँडमध्ये यायचंय. वाद्य तुम्ही सांगाल ते." तेवढंच. तेही जमेनासं वाटलं तर वहीच्या कागदावर नाव, इयत्ता, तुकडी लिहून चिठ्ठी हातात दे. चिठ्ठी दिली म्हणून कोणी कमी लेखत नाही. सरांना तर ती सोयीचीच वाटते, यादी करायला बरी.

एक सल्ला बऱ्याच जणांना पटत नाही, तरी देते. वर्गातल्या एकुलत्या एका मैत्रिणीला किंवा मित्राला 'माझ्यासाठी तूही ये' म्हणून ओढून आणू नकोस. तिला खरंच वाजवायचं असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर दोघं एकमेकांना चिकटून उभी राहतात, बाकीचे त्यांना जोडी समजून सोडून देतात, आणि ती कंटाळून पंधरा दिवसांत गेली की तू पुन्हा पहिल्याच जागी.

वाद्य कोणतं मागावं

आपल्याकडच्या बहुतेक शाळांत बँड म्हणजे साईड ड्रम, एखाद-दुसरा बेस ड्रम, झांजा, ट्रँगल आणि बासऱ्या. कुठे बिगूल असतो. मोठ्या किंवा सैनिकी शाळांत ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, युफोनियमवाला ब्रास बँड. वाद्य निवडताना मुलं दिसण्याकडे बघतात. बुजऱ्या मुलाने तीन गोष्टी बघाव्यात: आपली चूक किती ऐकू जाते, शेजारी कोण येतं आणि वाद्य सांभाळायला दोघं लागतात का.

साईड ड्रमची रांग या तिन्हींत बसते. सहा-आठ जण एकच बोल वाजवतात, त्यामुळे एखादा ठोका हुकला तरी फक्त शेजाऱ्याला कळतो. शेजारी कायमचे ठरलेले असतात. आणि पट्ट्यावर लटकणारा ड्रम डाव्या मांडीवर आपटत असतो, त्याची उंची दुसऱ्याने बघून सांगावी लागते. बोलण्याचं निमित्त वाद्यच काढून देतं.

बासरीचं गणित थोडं वेगळं. फुंक लागेपर्यंत पहिले काही दिवस नुसती हवा येते, डोकं गरगरतं, आणि ते सगळ्यांचंच गरगरतं. राष्ट्रगीताची सुरुवात मात्र नवशिक्यांवर मेहेरबान आहे: सा रे ग ग ग ग ग ग ग – ग ग रे ग म. 'अधिनायक जय हे'पर्यंत चारच स्वर लागतात आणि त्यातही बहुतेक गंधारच. म्हणजे चार स्वर आले की पहिल्या ओळीपुरतं तुला सगळ्यांसोबत उभं राहता येतं, पुढचं येईल तसं येईल. बासरीवाल्यांत वह्या फिरतात, सरगम उतरवून घेतली जाते. ज्याचं अक्षर चांगलं त्याची वही सर्वांना हवी असते, हे ध्यानात ठेव. पुढे कामाला येईल.

झांजा सोप्या वाटतात, पण त्यांची चूक सगळ्या मैदानाला ऐकू जाते. त्या समोरासमोर सपाट आपटल्या तर मध्ये हवा कोंडून 'थप्' असा मेलेला आवाज येतो. एक थोडी वर, एक थोडी खाली धरून घासत न्याव्या लागतात. पहिल्या वर्षी नकोतच.

बेस ड्रमबद्दल माझं मत अनेक मास्तरांपेक्षा वेगळं आहे. ते म्हणतात, धीट आणि धिप्पाड पोरगा हवा. मला वाटतं, ताल पक्का असलेलं अबोल मूल दुसऱ्या वर्षी बेस ड्रमवर फार छान बसतं. त्या वाद्याला बोलायचं नसतं, ऐकवायचं असतं. डावा पाय आणि बेस ड्रमचा ठोका एकत्र पडतो, सगळं पथक त्या ठोक्यावर पाय टाकतं. एरवी ज्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं, त्याच्या हाताकडे चाळीस जणांचे कान लागतात, तेही त्याने एक शब्द न उच्चारता. पहिल्या वर्षी मात्र रांगेतच राहा.

घरचा सराव: डोकं मोकळं व्हावं म्हणून

घरी सराव करायचा तो नंबर काढायला नाही. हात आपोआप चालायला लागले की लक्ष माणसांकडे द्यायला उरतं. सगळं ध्यान 'आता डावा की उजवा' यात अडकलं असेल तर शेजारचा हसून काही म्हणाला तरी तुला ऐकू येणार नाही, आणि त्याला वाटेल की तू शिष्ट आहेस. बुजऱ्या मुलांवर शिष्टपणाचा आळ येतो तो असा.

ड्रम घरी मिळत नाही, त्याची गरजही नाही. रबरी प्रॅक्टिस पॅड बाजारात मिळतो, पण जुना माऊस पॅडही चालतो. रबरी चपलेचा तळवाही चालतो. तो आधी धुऊन घे, नाहीतर घरातून वेगळाच ताल ऐकायला मिळेल. मोबाईलवर मेट्रोनोमचं (ठरावीक वेगाने टिकटिक करणारं) फुकट ॲप घे आणि ते ६० वर, म्हणजे मिनिटाला ६० टिकटिकींवर, लाव. आधी साधे ठोके: उजवा, डावा, उजवा, डावा, प्रत्येक टिकटिकीला एक. दोन्ही हातांचा आवाज सारखा येईपर्यंत पुढे जायचं नाही. डावा हात सगळ्यांचाच आळशी असतो.

मग दुहेरी: उजवा-उजवा, डावा-डावा. याचाच वेग वाढला की रोल होतो, म्हणजे ठोके सुटे न वाटता सलग घरघर ऐकू येते. जुने बँड मास्तर याला 'डॅडी-मम्मी' म्हणतात आणि तोंडाने म्हणत शिकवतात. तिसरा पॅराडिडल: उजवा डावा उजवा उजवा, डावा उजवा डावा डावा. एक मिनिट न चुकता आलं की मेट्रोनोम ५ ने वाढवायचा. आजच १०० वर उडी मारायची नाही.

आता पाय. तेज चालीचा वेग मिनिटाला साधारण १२० पावलं. आधी स्टिकशिवाय जागेवर कदमताल कर, डाव्या पायाला टाळी. टाळी पक्की झाली की पॅड टेबलावर ठेवून उभ्याने वाजव, पाय चालू ठेव. बसून सुरेख वाजवणारी मुलं चालायला लागली की कोलमडतात ती याच पायरीवर. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरे. रविवारी एकदम दोन तास करून सोमवारी मनगट धरून बसण्यात अर्थ नाही.

पहिला आठवडा

जागा बदलू नकोस. पहिल्या दिवशी सरांनी जिथे उभं केलं तिथेच रोज राहा. उजवीकडच्या आणि डावीकडच्याचं नाव कळून घे. विचारायची भीड वाटली तर हजेरीच्या वेळी कान दे. नाव घेऊन हाक मारणं हेच पहिल्या आठवड्याचं काम, बाकी काही नाही.

बोलायचं काय, हा प्रश्न बुजऱ्या मुलाला छळतो, कारण त्याला वाटतं की काहीतरी गमतीदार बोलायला हवं. नको. ज्याचं उत्तर हाताने करून दाखवावं लागतं असा प्रश्न विचार. समोरचा ड्रमकडे बघतो, तूही ड्रमकडे बघतोस किंवा बघतेस, डोळ्यांत डोळे घालायची पाळी येत नाही. मैदानावर हे साधारण असं चालतं:

"ताई, माझा ड्रम सारखा गुडघ्यावर आपटतोय."

"पट्टा सैल झालाय. थांब जरा. हं, आता चाल बघू."

"आता बरंय."

"उद्या रुमाल आण, पट्ट्याखाली घाल. खांदा काचतो."

आता दुसऱ्या दिवशी रुमाल न्यायचा आणि ताईला दाखवायचा: "ताई, आणला." दुसरं बोलणं आयतंच झालं. तिने सांगितलेलं तू केलंस, हे तिला दिसलं. मोठ्या मुलांना याचं फार अप्रूप असतं, ती कबूल करत नाहीत इतकंच. चौथ्या-पाचव्या दिवशी तीच हाक मारून म्हणते, "ए, आज माझ्या बाजूला ये, इथला रोल बघून घे."

असे आणखी प्रश्न: "स्टिक इथे धरू की अजून मागे?" "दुसऱ्या फेरीत रोल कुठून सुरू होतो?" "तुझ्या ड्रमच्या तारा अशा खरखरत नाहीत, माझ्याच का?" दिवसाला एक. एका दिवशी पाच विचारून दुसऱ्या दिवशी दडी मारण्यापेक्षा हे बरं.

काम मागून घे

सगळ्या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेव.

कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ओळखीच्या माणसाशी बऱ्यापैकी मैत्री व्हायला सुमारे ५० तास एकत्र घालवावे लागतात, मित्र म्हणावं इतकं व्हायला ९० च्या आसपास, आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त, असा त्यांचा अंदाज आहे. अभ्यास मोठ्या माणसांचा आणि कॉलेजात नुकत्याच आलेल्या मुलांचा होता, म्हणून आकडे जसेच्या तसे शाळेला चिकटवू नयेत. पण त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे: नुसते कामाचे किंवा वर्गाचे तास मैत्रीच्या खात्यात फारसे जमा होत नाहीत, मोकळा वेळ होतो.

बँडला हे लावून बघ. जूनअखेरीपासून १५ ऑगस्टपर्यंत सहा-सात आठवडे, रोज एक तास, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे तीस-पस्तीस तास. तेही रांगेत, तोंड बंद करून. तेव्हा स्वातंत्र्यदिन आला तरी कोणी जवळचं झालं नाही म्हणून स्वतःला बोल लावू नकोस, हिशोबाप्रमाणे अजून वेळच झालेली नाही. आणि त्या तासाला चिकटून असलेला मोकळा वेळ वाढवायला हवा. पण 'सराव संपल्यावर थांब, गप्पा मार' असं बुजऱ्या मुलाला सांगणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलणं. हाताला काम असेल तर मात्र ते थांबतं. म्हणून सरांकडे काम मागायचं.

कोणतं? दोघांनी मिळून करावं लागतं असं. ड्रम ताणण्याचं काम सगळ्यात उत्तम. ड्रमचं पान, म्हणजे ज्यावर वाजवतो तो पडदा, एकसारखं ताणायला समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे फिरवावे लागतात. एकाने ड्रम धरायचा, दुसऱ्याने चावी फिरवायची, मग कडेने टिचक्या मारत आवाज सगळीकडे सारखा येतोय का ते दोघांनी कान लावून ऐकायचं. चामड्याची पानं पावसाळी हवेत सैल पडतात, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये हे काम जवळजवळ रोज निघतं. प्लॅस्टिकची पानं असतील तर कमी, पण निघतंच. दहा मिनिटं एका ड्रमवर दोन डोकी वाकलेली असली की बोलणं आपोआप होतं. आधी ड्रमचं, मग सरांचं, मग गणिताच्या चाचणीचं.

बाकीची कामंही आहेत. पट्टे मोजून खुंटीला लावणं. झांजांवरचे बोटांचे डाग कोरड्या कपड्याने पुसणं. पाऊस आला की ड्रमांवर प्लॅस्टिक टाकायला धावणं. भिजत धावलेली मुलं आठवडाभर त्याच गोष्टीवर हसत असतात. ब्रास बँड असेल तर वाजवून झाल्यावर नळीतलं पाणी काढणं आणि व्हॉल्व्हना तेल देणं. सरगमची वही म्हटलं होतं ती इथे कामाला येते: गैरहजर मुलांसाठी नवा तुकडा उतरवून द्यायची जबाबदारी तू घे. मग मुलं आपणहून तुझ्याकडे येतात, तुला कोणाकडे जावं लागत नाही.

एक धोका आहे, तोही सांगते. काम करणारं मूल सापडलं की सगळे त्यालाच राबवतात. आठ ड्रम एकटं उचलत असशील तर ती मैत्री नव्हे. "दुसरी बाजू धर ना" एवढं वाक्य शिकून ठेव. न धरणारे कोण ते आठवड्यात कळतं, आणि ते कळणंही उपयोगाचं.

खोलीला कुलूप लागलं की पुढची दहा मिनिटं वाटेची. एकाच दिशेला जाणारं कोण आहे ते बघून ठेव आणि दप्तर आवरायचा वेग त्याच्याशी जुळवून घे. चालताना शांत राहिलं तरी चालतं, बरोबर चालणंही पुरतं. स्टॅनफर्डच्या स्कॉट विल्टरमथ आणि चिप हीथ यांनी २००९ मध्ये एक प्रयोग मांडला: तिघातिघांच्या गटांपैकी काहींना एकाच तालात पावलं टाकत चालवलं, काहींना मनाला येईल तसं. नंतरच्या खेळात तालात चाललेल्यांनी एकमेकांना जास्त साथ दिली. तुम्ही तर रोज तासभर डावा-उजवा करताय. म्हणजे सुरुवात झालेलीच असते, ती तुला जाणवत नाही इतकंच.

सरावानंतर भूक लागतेच, तेव्हा डब्यात दोन घास जास्त आण. मात्र वाटून वाटून लोकप्रिय व्हायचा प्रयत्न नको, त्याने फक्त डबा संपतो. बँडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर (बहुधा आईच्या मोबाईलवर) रोज शुभ सकाळ टाकायची गरज नाही. सरावाची वेळ बदलली की 'बरं' म्हण, आणि कोणी बोल विचारला तर आवाज रेकॉर्ड करून पाठव.

वाजवताना चुकलं तर

चुकणार. त्याची रीत आधीच पाठ करून ठेवावी. पाय थांबवायचे नाहीत. स्टिक पानापासून इंचभर वर धरायची, हात चालवायचे पण ठोका पाडायचा नाही. कान बेस ड्रमकडे. पुढचा 'एक' आला की आत शिरायचं. बघणाऱ्याला काहीच कळत नाही. कळतं ते चेहरा वेडावाकडा केला, मान खाली घातली किंवा शेजाऱ्याकडे वळून बघितलं की.

दुसऱ्याचं चुकलं तर अजिबात वळून बघू नकोस. रांगेत ही मोठी सभ्यता मानली जाते आणि मुलं ती विसरत नाहीत. सराव संपल्यावर शेजारी स्वतःहून म्हणाला, "मी कुठे घसरलो?" तर सांग. नाहीतर गप्प. गप्प राहणं तर तुला येतंच, इथे त्याची किंमत होते.

आणि स्वतःच्या चुकीवर रात्रभर कुढण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला सरळ विचारायचं, "तिथे तू कसं वाजवतोस?" चूक लपवणाऱ्यापाशी कोणी फार बसत नाही. विचारणाऱ्याला शिकवायला सगळ्यांना आवडतं.

चेष्टा, गट आणि निवडीची भांडणं

'मुकं', 'घुम्या' अशी नावं पडतात. एकदा-दोनदा हसून सोडता येतं. ठेवलेल्या नावात जीव दुखावण्याचा हेतू आहे की नुसती सवय, ते तुला चेहऱ्यावरून कळतं. सवय असेल तर एकट्यात गाठून सांग, "मला माझ्या नावाने हाक मार." सगळ्यांसमोर नको, तिथे त्याला माघार घेता येत नाही. मुद्दाम स्टिक लपवणं, ढकलणं, रोज रोज रडवणं चालू असेल तर ते चेष्टेत मोडत नाही. सरांना किंवा घरी सांगायचं, तोंडी जमत नसेल तर लिहून. तिथे कोणी ऐकलं नाही तर मुलांसाठी १०९८ हा फुकट क्रमांक आहे.

खरी कटकट निवडीच्या वेळी होते. केंद्रीय शिक्षण मंत्रालय आणि संरक्षण मंत्रालय प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धा घेतात: ब्रास बँड आणि पाईप बँड (बॅगपाईपवाला), मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे, आधी राज्य, मग विभाग, मग दिल्ली. तालुका-जिल्ह्याच्या स्पर्धा, संस्थांचे कार्यक्रम वेगळेच. प्रत्येक ठिकाणी जागा मोजक्या, आणि कोण गेलं, कोण राहिलं यावरून कट्टी होते. बुजऱ्या मुलाला इथे दोन्हीकडून फटका बसतो. निवड झाली तर 'सरांचं लाडकं', नाही झाली तर कोणाला पत्ताही नाही. निवड झाली असेल तर राहिलेल्या शेजाऱ्याशी त्याच दिवशी बोल, काहीही, अगदी "उद्या पट्टे तू लावशील ना?" एवढंही. नंतरची सफाई कोणी ऐकून घेत नाही. राहून गेलं असेल तर सरावाला येणं थांबवू नकोस. ताप आणि घरची लग्नं स्पर्धेच्या आठवड्यातच येतात आणि राखीव मूल ऐनवेळी लागतंच.

कार्यक्रमाचा दिवस

सकाळी सातला ध्वजवंदन असेल तर सहाला मैदानावर पोच. गर्दी व्हायच्या आत आलं की पाहुणे, पालक, खुर्च्या सगळं हळूहळू समोर भरत जातं, एकदम अंगावर येत नाही. उपाशी येऊ नकोस, पोहे-चहा तरी पोटात हवा. हात गार पडले तर मांडीवर पॅराडिडल वाजवत बस.

नजर कुठे ठेवायची? समोरच्या मुलाच्या कॉलरवर. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं, त्याला जोडून राज्यगीत. ते संपेपर्यंत घाबरायला तसा वेळही नसतो. घाबरायला होतं ते आधीच्या पंधरा मिनिटांत, आणि त्यासाठी काम हाताशी असतंच: रांगेतल्या सगळ्यांचे पट्टे तपासून ये.

झालं की लगेच घरच्यांबरोबर निघून जाऊ नकोस. त्या दिवशी पथक ड्रम ठेवून खोलीबाहेर घोळक्यात उभं असतं, कोणाच्या तरी हातात जिलेबीचा पुडा असतो, कोण कसं चुकलं याची उजळणी चालते. तिथे अर्धा तास नुसतं उभं राहा. आईबाबांना आदल्या दिवशीच सांगून ठेव की उशीर होईल.

पालकांना आणि सरांना थोडंसं

मुलाच्या देखत 'आमची ना, फार लाजते' म्हणू नका. ते ऐकून मूल ठरवून टाकतं की आपण असेच. रोज 'आज कोणाशी बोललीस?' अशी उलटतपासणीही नको. 'आज कोणता बोल घेतला?' विचारा, माणसांची नावं त्यात आपोआप येतात. सरावानंतर न्यायला येत असाल तर फाटकाशी दहा मिनिटं उशिरा या. एवढं केलंत तरी खूप.

शिकवणाऱ्यांसाठी: अबोल मुलाला धीट करायचं म्हणून सगळ्यांपुढे एकट्याने वाजवायला लावण्याची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. त्याने धीटपणा येत नाही, गैरहजेरी येते. दोघादोघांच्या जोड्या लावा, जोडी महिनाभर बदलू नका, आणि बुजऱ्याच्या जोडीला सगळ्यात वाचाळ मूल देऊ नका. शांत पण मनमोकळं द्या.

लाजणं आणि आजार यांतला फरक मात्र सगळ्यांनी ओळखावा. लाजरं मूल ओळख झाली की मोकळं होतं. महिनोन् महिने शाळेत एक शब्द निघत नसेल, सरावाच्या विचाराने रोज पोट दुखत असेल, झोप उडाली असेल, आवडतं वाद्यही नकोसं झालं असेल तर समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना दाखवावं. 'टेली-मानस'च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फुकट आणि मराठीतूनही बोलता येतं.

फेब्रुवारीनंतर

२६ जानेवारी आणि स्नेहसंमेलन उरकलं की बँड बंद पडतो. ड्रम कपाटात जातात, दहावीची ताई-दादा मंडळी बोर्डाच्या तयारीला लागतात, आणि सात महिन्यांत जमलेलं पुढच्या चार महिन्यांत विरतं. ते टिकवायचं असेल तर बंद होण्याआधीच काहीतरी ठरवायला हवं, नंतर फोन करून ठरवणं तुझ्याच्याने व्हायचं नाही. शेवटच्या सरावाला शेजाऱ्याला विचार: "रविवारी अर्धा तास रबरावर वाजवायचं का?" वार आणि जागा तिथेच ठरव. दहावीच्या ताईकडून तिची बोलांची वही मागून घे, परत द्यायला जाणं होतंच. मे महिन्यात गावाला जाणार असशील तर स्टिक बरोबर ने, आणि नवा बोल जमला की आवाज पाठव, 'बघ, ११० वर जमलं' एवढं लिहून. आणि रविवारची जागा कोणाची गच्ची असेल तर खालच्या मजल्यावरच्यांना आधी विचारून घ्या. दुपारी एक ते चार रबरसुद्धा नको.